सर्व लाइन व्यस्त आहेत

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे असं लिहायला घेतलं होतं, पण निदान या पत्रात तरी खोटं नको. तब्येत चांगली आहे. खोलीची खिडकी दुरुस्त झाली. आईला सांगा, स्वेटर बसला, बाह्या थोड्या आखूड आहेत, पण चालतंय.

मागे तुम्ही लाडानं विचारलं होतं, "मास्तरीणबाई, तुझं काम नेमकं काय?" मी लिहिलं, रुग्णांना मार्गदर्शन करते. वर मनावरचा ताण कसा हाताळावा यावर दोन पानं खरडली. भीती टाळली की वाढते, तिच्यासमोर जाऊन उभं राहावं, वगैरे. बाबा, मी या व्यायामोपचार केंद्रात फोन उचलते आणि लोकांच्या वेळा वहीत लिहिते. एवढंच. आणि तेही धड करत नव्हते.

कामाच्या तिसऱ्या दिवशी मी एका बाईंना चुकीची वेळ दिली. दुसऱ्या दिवशी त्या फोनवर ओरडल्या, "तिथं कुणी शिकलेलं माणूस आहे का?" बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. घरातली पहिली पदवीधर मी. निकाल लागायच्या आधीच तुम्ही दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढं बी. ए. रंगवून मोकळे झाला होतात. त्या दिवसापासून फोन वाजला की उचलायचीच भीती वाटते.

मग एकदा, कसं कोण जाणे, मी रिसीव्हर उचलला आणि नाकातून, सपाट आवाजात म्हणाले, "सर्व लाइन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने संपर्क साधा." पलीकडून फोन ठेवला गेला. मला इतकं हलकं वाटलं! तेव्हापासून जीव घाबरला की मी मशीन व्हायचे. दिवसातून चारदा, कधी दहादा.

गुरुवारी वाक्य संपलं तरी पलीकडचा माणूस फोन ठेवेना. त्यानं घसा खाकरला. तो घसा मी शंभर माणसांत ओळखेन.

"बाई, परवापासून तिसऱ्यांदा करतोय," तुम्ही म्हणालात. "तुम्ही मशीन, तुम्हाला काय सांगायचं म्हणा. पण हात थरथरतो हो माझा. पाट्या रंगवतो मी. अक्षरांवरची रेघ सरळ येईना. माझी मुलगी तिथंच असते, तिला कळू देऊ नका, उगाच धसका घेईल. तिनंच लिहिलंय, भीतीसमोर उभं राहावं. म्हणून केला फोन."

म्हणजे आधी दोनदाही मीच तुम्हाला परत पाठवलं होतं. निदान आता तरी मी "बाबा" म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं आणि तेच वाक्य पुन्हा बाहेर पडलं. त्याच आवाजात.

"बरं बरं," तुम्ही म्हणालात. "राहू द्या."

मशीनची माफी मागितल्यासारखं म्हणालात, बाबा.

शुक्रवारी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. "तरीच लोक विचारतात, मशीन कधी बसवलं म्हणून!" त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "किती जणांना परत पाठवलंस?" "दिवसाला चार, कधी दहा," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पहिला तासभर मी शेजारी बसेन. नंतर तू आणि फोन. पुन्हा मशीन झालीस तर मात्र घरी जायचं."

तुमचं नाव मी आत्ताच वहीत लिहू शकते. लिहिलेलं नाही. फोन करायला तुम्ही तीन दिवस धीर गोळा केलात, तो मी वाया घालवला. तुमच्या वतीनं परस्पर सगळं उरकून टाकलं, तर तीही माझी पळवाटच होईल.

म्हणून पत्र मिळेल त्या दिवशी, अकरा ते एकच्या मध्ये, फोन करा. हाताबद्दल जे मशीनला सांगितलंत, ते मला सांगा. माझा आवाज कदाचित लगेच येणार नाही. नुसता श्वास ऐकू आला, तर मीच आहे असं समजा. ठेवू नका.

जिच्या पत्रावर तुम्ही विश्वास ठेवलात, तशी अजून न झालेली,
तुमची मुलगी