क्रीम का बंद केलंस

लायडन, ८ नोव्हेंबर २०२०

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि., आणि यातली विनंती एवढीच, की पुढचं वाचून हसायचं नाही.

दिवसभर लॅपटॉपसमोर आठवीच्या मुलांना भूगोल शिकवल्यावर तुला पुन्हा व्हिडिओ कॉल नको वाटतो, म्हणून तू कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेस, हे मला फार सोयीचं झालं आहे. मीही यापुढे पत्रच लिहिणार. कारण कॅमेऱ्यासमोर यावं असा चेहरा उरलेला नाही. कॉलेजात आले नव्हते एवढे पिंपल्स मला आत्ता, बत्तिसाव्या वर्षी आले आहेत. लॅबमध्ये दिवसभर मास्क, घरी हीटर, आणि मधल्या रस्त्यात सायकलवर पाऊस.

तू मागे लागलीस म्हणून शेवटी हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या चिठ्ठीशिवाय कातडीचा डॉक्टर भेटतच नाही. फोनवरच्या बाई म्हणाल्या की दोन आठवडे वाट बघा, जातील. मी म्हटलं की माझी पाच महिने वाट बघून झालेली आहे. मग कोरोनामुळे प्रत्यक्ष यायचं नाही, फोटो पाठवा. नवऱ्याचं कर्तव्य म्हणून अभिरामनं मला खिडकीत उभं करून समोरून, डावीकडून, उजवीकडून असे फोटो काढले. पोलीस चौकीत लावायला चालतील असे आले आहेत.

डॉक्टरांनी रेटिनॉइड असलेलं क्रीम लिहून दिलं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं. सुरुवातीला चेहरा आणखी बिघडेल, तीन महिने धीर धरा, उन्हात सनस्क्रीन लावा. नोव्हेंबरात लायडनमध्ये ऊन कुठे ते त्यांनी सांगितलं नाही. दिवस गेले आहेत का, किंवा तसा विचार आहे का, हेही विचारलं. तसं असेल तर हे चालत नाही म्हणे. मी नाही म्हटलं. अभिरामचं स्लोटरडाइक भागातलं ऑफिस मार्चपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतंय. या घरात तिसऱ्या माणसाला बसायला खुर्ची नाही.

आईला सांगू नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, सल्ले थोडे कमी करावेत.

तुझी,
आसावरी

पुणे, २१ नोव्हेंबर २०२०

चि. आसावरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातला एक हनुवटीसाठी राखून.

हसले. आईलाही सांगितलं, कारण तिनं तुझा मागचा फोटो पाहून स्वतःच विचारलं. तिचं म्हणणं, हे सगळं तिकडच्या चीजमुळे. मसुराचं पीठ दुधात कालवून लाव. मी तिला म्हटलं की डॉक्टरांनी औषध दिलंय, तर म्हणाली औषधाच्या वरून लाव. कृपा करून लावू नकोस.

माझं विचारशील तर चाळीस काळ्या चौकोनांना मी मोसमी वारे शिकवते. कुणी कॅमेरा लावत नाही. परवा एकाचा माइक चालू राहिला आणि अख्ख्या वर्गानं त्याच्या आजोबांच्या गुळण्या ऐकल्या. सतीश शेजारच्या खोलीत बँकेच्या कामात असतो आणि मी ओरडले की दार लोटून घेतो.

आता नीट ऐक. मी त्या क्रीमबद्दल वाचलं. मटारच्या दाण्याएवढं म्हणजे मटारच्या दाण्याएवढंच, आणि तेही संपूर्ण चेहऱ्याला मिळून. भात लवकर व्हावा म्हणून गॅस मोठा करणारी तू, म्हणून मुद्दाम सांगते. आणि मध्येच सोडायचं नाही.

लोभ असाच राहो, आणि तो सूचना पाळून दाखवावा.

तुझी ताई,
मंजूषा

लायडन, १७ जानेवारी २०२१

ती. सौ. ताईस,

सा. न. आणि क्षमा असावी, वि. वि. आज काही उरलेली नाही.

मी दाणा नाही, चांगला बोराएवढा गोळा लावत होते. रोज. पिंपल्सवर आणखी थोडं वरून. तिसऱ्या आठवड्यात चेहरा उन्हाळ्यात भाजून पापुद्रे सुटल्यासारखा झाला. साध्या पाण्यानं आग व्हायची, लोणचं खाल्लं की ओठांच्या कडा चुरचुरायच्या. आमच्या प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर विचारलं की तू स्कीइंगला जाऊन आलीस का. सगळा देश बंद असताना. इथली माणसं मनात आलं की विचारून मोकळी होतात.

फोनवरच्या त्याच बाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी विचारलं, किती लावता. मी खरं सांगितलं. त्यांनी मटारचा दाणा केवढा असतो ते समजावलं आणि सांगितलं की एक रात्र सोडून लावा, आधी मॉइश्चरायझर. तुझ्यासारख्याच आहेत, फक्त डचमध्ये.

पण ताई, नव्या वर्षापासून खरंच फरक पडला आहे. कपाळ नितळ, गाल जवळजवळ. हनुवटीवर दोन राहिले आहेत. आणि हे सगळं बघायला कोण, तर अभिराम, जो स्क्रीनवरून नजर काढत नाही. दुकानं बंद, कॅफे बंद, बाहेर पडलं की मास्क. आता रात्रीची संचारबंदीही येणार म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा चेहरा चांगला झाला आणि तो झाकून ठेवायचा. वैताग नुसता.

लोभ आहेच. तुझं बरोबर होतं, हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

तुझी,
आसावरी

पुणे, ७ मार्च २०२१

चि. आसावरीस,

आशीर्वाद नेहमीचे, पण रागानं दिलेले.

आईच्या वाढदिवसाला तू एकदाची कॅमेऱ्यासमोर आलीस, तीही अर्धी. तरी मला दिसायचं ते दिसलं. हनुवटीवर पुन्हा तेच. विचारलं तर म्हणालीस, क्रीम बंद केलं, सायकलवर थंड वारा लागतो. हे काय कारण आहे? जानेवारीत वारा गरम होता का? अभिरामला विचारलं तर तो छताकडे बघायला लागला.

तुला मी ओळखते. हार्मोनियम दोन परीक्षांनंतर सोडलीस. जर्मनचा क्लास सोडलास. माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला, ती बाही आईनं अजून कपाटात ठेवली आहे. दोन महिने कातडी सोलवून घेतलीस, कुठे गुण यायला लागला, आणि नेमकं तेव्हा सोडून दिलंस. डॉक्टरांना विचारलंस तरी का? इतकं सोसल्यावर शेवटचा महिना काढायला काय झालं होतं?

मला उत्तर हवं आहे, आणि वाऱ्यापेक्षा बरं. तोवर लोभ थोडा आखडता घेतला आहे.

तुझी ताई,
मंजूषा

लायडन, ११ एप्रिल २०२१

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते अभिरामला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. वाऱ्याची थाप होती. क्रीम बंद केलं कारण मला दिवस गेले होते.

ठरवलेलं नव्हतं. पण टेस्टवर दुसरी रेघ दिसली तेव्हा अभिराम स्वयंपाकघरात गेला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागला, आणि मला कळलं की हे आम्हा दोघांनाही हवं होतं. डॉक्टरांनी क्रीम त्याच दिवशी बंद करायला लावलं. पहिली सोनोग्राफी झाली की तुझ्या पत्राला उत्तर लिहायचं ठरलं होतं. सुरुवात काय करायची तेही ठरलं होतं, की मावशीबाई, आता बोला.

सोनोग्राफी तीन आठवड्यांपूर्वी होती. कोरोनामुळे आत एकटीनंच जायचं होतं. अभिराम बाहेर दोन्ही सायकली धरून उभा होता. मिडवाइफनं स्क्रीन स्वतःकडे वळवली. मग म्हणाली की ठोके दिसत नाहीत, वाढ आधीच थांबलेली असावी. मी तिला थँक्यू म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. मग बाहेर येऊन अभिरामला सांगितलं. पुढचं सगळं दोन दिवसांनी घरीच झालं.

डोक्यातून एकच गोष्ट जात नाही. कळायच्या आधी तीनेक आठवडे मी ते क्रीम लावत होते. डॉक्टरांनी दोनदा समजावलं की कातडीतून रक्तात जातं ते नगण्य, बंद करायला सांगतात ती फक्त खबरदारी, आणि असं होण्याचं कारण बहुतेक वेळा गर्भातच असतं. मी मान हलवते आणि घरी येऊन खोक्यातलं माहितीपत्रक पुन्हा वाचते. चार पिंपल्ससाठी, ताई. एक दिवस मला तुझाही राग आला, कारण डॉक्टरांकडे जा म्हणून तूच मागे लागली होतीस. एकच दिवस आला. पण आला, म्हणून लिहिते.

आईला एवढ्यात सांगू नकोस. फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही.

आसावरी

पुणे, १४ एप्रिल २०२१

प्रिय आसावरी,

फोन करत नाही. आईला सांगितलेलं नाही.

चार वेळा लिहून फाडलं. काय लिहावं ते सुचत नाही. माझा राग आला ते ठीकच आहे. जेवत जा. झोप येत नसेल तर पडून राहा. अभिरामलाही सांग की आम्ही आहोत. तुला योग्य वाटेल तसं कर, योग्य वाटेल तेव्हा लिही.

ताई

लायडन, ९ मे २०२१

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आज विनंती खरीच आहे.

तुझी गेल्या महिन्यातली सगळी पत्रं पुन्हा वाचली. आंबे, ऊन, सतीश भावजींची लस, गॅलरीतला मोगरा. पुण्यातल्या दवाखान्यांच्या बातम्या मी इथे रोज वाचते आणि तू मला मोगऱ्याला किती कळ्या आल्या ते लिहितेस. आणि प्रत्येक पत्रात, तुला योग्य वाटेल तसं कर. तू. मला.

ताई, मला याचा आता कंटाळा आला आहे. अभिराम माझ्याशी काचेच्या सामानासारखा वागतो. दर तासाला चहा करतो, मी कप खाली ठेवला की विचारतो बरी आहेस ना. लॅबमधले लोक माझी टेस्ट ट्यूबसुद्धा धुऊन ठेवतात. शेजारच्या विल्माबाईंनी मला त्या दिवशी सायकल लावताना रडताना पाहिलं होतं. त्यांनी कार्ड आणि ट्यूलिप दारात ठेवले. सगळे चांगले आहेत. मला गुदमरायला होतं. मला वाटलं होतं, निदान तू तरी ओरडशील.

चेहऱ्याचं सांगते. डॉक्टर म्हणाले, हवं तर क्रीम पुन्हा सुरू करा. मी टोपण उघडलं आणि परत लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना फोन करून सांगितलं की गरोदरपणात चालेल असं दुसरं काही द्या. तसं एक आहे, थोडं सौम्य आहे. आम्ही दोघांनी बोलून हे ठरवलं आहे. तर आता हनुवटीवर पाच आहेत आणि मला त्यांची पर्वा नाही, असं म्हणायचं होतं, पण पर्वा आहे. आरशात बघून चीड येते. बऱ्याच दिवसांनी साधी चीड आली, तर बरं वाटलं.

भारतातून इकडची विमानं बंद केली आहेत. तुम्ही येऊ शकत नाही, मी येऊ शकत नाही. निदान पत्रात तरी माझी ताई येऊ दे.

तुझी,
आसावरी

पुणे, १६ मे २०२१

चि. आसावरीस,

अनेक आशीर्वाद. ते आधी घे, कारण पुढे काही गोड नाही.

महिनाभर मी दातांखाली जीभ धरून लिहीत होते. मोगऱ्याच्या कळ्या मी काय हौसेनं मोजल्या? माझ्या शाळेतले दोन शिक्षक या महिन्यात गेले, ते तुला कसं लिहायचं म्हणून मोगरा लिहिला. सतीश रोज विचारायचा की आसावरीला काय लिहिलंस, आणि मी म्हणायचे, काही नाही. खरंच काही नाही लिहिलं.

पहिलं. क्रीमनं झालं असं आता एकदाही म्हणायचं नाही. डॉक्टरांवर तुझा विश्वास नसेल तर माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीवर ठेव. मृणालिनी दहा वर्षं बाळंतपणं करते आहे. तुझं नाव न सांगता तिला विचारलं, तर तिनं तेच सांगितलं जे तुझे डॉक्टर सांगतात, आणि वर म्हणाली की अशी प्रत्येक मुलगी स्वतःचा एक गुन्हा शोधून आणते. कुणी जिना चढलेली असते, कुणी पपई खाल्लेली असते. तू क्रीम शोधलंस. ते माहितीपत्रक आजच्या आज कचऱ्यात टाक. अभिरामला टाकायला सांग, त्याचा चहा तरी थांबेल.

दुसरं. त्यालाही कुणीतरी विचारायला हवं. त्यानं दोन सायकली धरून बाहेर काय काय विचार केला असेल, ते तू त्याला विचारलंस का? मला वाटतं नाही. विचार.

तिसरं, आईला मी काल सांगितलं. रागव हवं तर. ती म्हणाली की तुझ्याआधी तिचंही एकदा असं झालं होतं. मी तेव्हा तीन वर्षांची होते. तिनं आपल्याला कधी सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही. तुझ्याशी बोलायचं आहे म्हणते. या वेळी मसुराच्या पिठाबद्दल नाही.

आता माझं. आई तेव्हा गप्प बसली आणि तूही तेच केलंस. ट्यूलिप आणणाऱ्या विल्माबाईंना कळलं, फोनवरच्या त्या बाईंना कळलं, आणि मला तीन आठवडे उलटून गेल्यावर. तुला सोनोग्राफीपर्यंत थांबायचं होतं, समजलं. चांगली बातमी सजवून द्यायची होती, तेही समजलं. पण महिनाभर मी मावशी होते, आसावरी, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला सांगितलं असतंस तर तो महिना मी आनंदात काढला असता. नंतर तुझ्याबरोबर रडले असते. ते दोन्ही माझं होतं आणि तू ते मला दिलं नाहीस. याचा मला तुझ्या कुठल्याही पिंपलपेक्षा जास्त राग आला आहे, आणि तो लवकर जाणार नाही.

पुढच्या वेळी रेघ दिसली की आधी मला. तीन महिने झाल्यावर नाही, सोनोग्राफीनंतर नाही. तिथल्या घड्याळात काहीही वाजले असोत. वाईट झालं तर वाईट, पण तेव्हाही मला.

लोभ मागायची तुला गरज नाही, तो आहे. आता मी फोन करते आहे. उचल.

तुझी ताई,
मंजूषा