पुण्याचे अठ्ठेचाळीस म्हणजे नांदेडचे सतरा

३ मार्च २०२५, सोमवार
पुण्याच्या एका बॅटरी कंपनीचं ऑफर लेटर आलं. मटेरियल्स सायंटिस्ट. महिना अठ्ठेचाळीस हजार. तेरा तारखेपर्यंत कळवा म्हणतात. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर साडेसहा वर्षं घालवली, त्याला शेवटी कोणीतरी आकडा लावला. बरं वाटलं.

बायकोनं, साक्षीनं, लेटर वाचलं आणि एवढंच म्हणाली, जाऊ या. लगेच माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. घाई. मला इथं कॉलेजात तासिका तत्त्वावर महिन्याला बावीस हजार पडतात. बावीसपेक्षा अठ्ठेचाळीस मोठे हे चौथीतलं पोरही सांगेल. कुठं किती भागतं, हा खरा प्रश्न. दहा दिवस आहेत.
संकल्प : एक्सेल शीट. शिवाय दिवाळीपासून पडलेला रिसर्च पेपर पूर्ण करणे.

५ मार्च, बुधवार, दु. २
शहरांची महागाई मोजणारी वेबसाइट सापडली. तीत पुणे आहे, नांदेड नाही. त्यांचं नुकसान. नांदेडचा आकडा मीच काढणार.

इतवारा बाजारात जाऊन सर्व्हे केला. पुण्याचे भाव मावसभावाला फोनवर विचारले. तो मीटिंगमध्ये होता. तीन भाव सांगितले, चौथा ओरडून. चहा : नांदेड दहा, पुणे वीस. कोथिंबीर : पाच, पंधरा. केसांची कटिंग : साठ, दोनशे. ऑटो : दहा, ऐंशी. ऑटो फारच वर जातो म्हणून वगळला. तेवढा प्रामाणिकपणा हवा. सरासरी पावणेतीन पट. म्हणजे पुण्याचे अठ्ठेचाळीस हजार हे नांदेडचे सतरा. मी आत्ताच पाच हजारांनी पुढं आहे!

ऊन लागलं. सॅम्पल म्हणून आणलेल्या चार जुड्या कोथिंबिरीवरून घरी बोलणी खाल्ली. पेपर उद्या.

७ मार्च, शुक्रवार
स्टाफरूममध्ये मोहसीन सरांना शीट दाखवली. केमिस्ट्रीचे, माझ्यासारखेच तासिकावाले डॉक्टर. कंपनीच्या मुलाखतीला आम्ही सोबत गेलो होतो. ते वेटिंगवर आहेत. वाईट वाटून घेऊ नका, हे समजावणं भाग होतं. शीट बारकाईनं बघून म्हणाले, "सगळं ठीक हाय सर, पण ह्याच्यात किराया कुठंय?"

आम्ही तरोड्याला सासऱ्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. भाड्याचा प्रश्नच येत नाही. मोहसीन सर देगलूर नाक्याला साडेसहा हजार मोजतात, म्हणून त्यांना सगळीकडं किराया दिसतो. शीटची कॉपी मागितली. दिली. आपण हातचं राखून ठेवत नाही.

९ मार्च, रविवार
सासरे हणमंतराव रेल्वेतून रिटायर झालेत. खाली बसून लाइटबिल वाचत होते. म्हणाले, "जावईबापू, वरचं कूलर लई युनिट खाऊन राहिलं." मी म्हटलं, पुण्यात कूलर लागत नाही, पण बाकीचा खर्च विचारू नका. तर म्हणाले, "मग जा की पुण्याला!" विनोदी माणूस. बिल त्यांनीच भरलं.

त्या निमित्तानं शीट पूर्ण केली. लाइट : शून्य. दूध खालीच घेतात : शून्य. ज्वारी आणि तूरडाळ बिलोलीहून माझा थोरला भाऊ रामलिंगदादा पाठवतो : शून्य. किराणा साक्षी तिच्या शाळेच्या पगारातून भरते : माझ्याकडून शून्य. थक्क झालो. या शहरात माणूस जवळपास फुकट जगतो, आणि लोक पुण्याला पळतात.

१३ मार्च, होळी
अकरा वाजता कंपनीला मेल केला. नम्र नकार, दोन परिच्छेद, इंग्रजीवर तीन तास. सोबत शीट जोडली. त्यांनाही पगाराचं धोरण ठरवायला कामी येईल.

साक्षी पुरण वाटत होती. तिनं विचारलं, मेल पाठवला का? म्हटलं, पाठवला. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, ही संशोधनातली शिस्त. तिनं आपणहून तिसरी पोळी वाढली, वर तुपाची धार. खाल्ली.

२१ मार्च, शुक्रवार
साक्षीनं शाळेत राजीनामा दिला. मला संध्याकाळी सांगितलं, हसत. तिच्या जागी दुसऱ्या बाई ठरल्यासुद्धा.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण ती खाली वडिलांना सांगत होती की बाबा, आता वरचा मजला भाड्यानं द्या, तुम्हालाही हातभार लागेल. आणि ते डोळे पुसत होते. मधे बोलणं बरं दिसलं नसतं. सोमवारी सांगणार. शीटसकट, मुद्देसूद.

२४ मार्च, सोमवार
तिचं डोकं दुखत होतं.

२५ मार्च
माझं.

२९ मार्च, शनिवार
तासिका संपल्या. नवी ऑर्डर ऑगस्टात, नाहीतर सप्टेंबरात, निघाली तर. शीटमध्ये बावीस हजारांना बारानं गुणलं होतं. उन्हाळा मी संशोधन रजा धरली होती. ही रजा बिनपगारी असते, हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.

कंपनीला लिहिलं, परिस्थिती बदलल्यामुळं फेरविचाराची तयारी आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं. जागा भरली. कामसू लोक.

२ एप्रिल, बुधवार
मोहसीन सर आणि त्यांच्या मिसेस मुबश्शिरा ईदचा शीरखुर्मा घेऊन घरी आले. जागा त्यांनीच भरली. मला म्हणाले, "सर, तुमच्याच शीटात माझे आकडे टाकले. किराया, दूध, लाइट, सगळं. पुणंच निघालं. तुमचे एहसान हायेत."

साक्षी चहा घेऊन दारात उभी होती. पाहुणे जाईपर्यंत नीट हसली. मग एकच विचारलं, म्हणजे तुम्ही नाही म्हणालात? मी लॅपटॉप उघडायला लागलो. "बंद करा ते," म्हणाली. रडली नाही. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती.

पेपर उघडला. बंद केला.

११ एप्रिल, शुक्रवार
साक्षी आठवडाभर लातूरच्या क्लासेसना फोन करत होती. ती बायोलॉजीची एम.एस्सी. आहे. मी विसरलो होतो.

आज बसनं लातूरला गेलो. मेडिकल प्रवेशाच्या, नीटच्या एका क्लासनं तिचा डेमो ऐकून तिथंच घेतलं. चाळीस हजार, बारा महिने. आलोच आहे तर म्हणून मीही फिजिक्सचा डेमो दिला, पातळ थरांवर. डायरेक्टर माणूस सभ्य. म्हणाले, "सर, तुमचं नॉलेज लई हाय, पण हे पेपरात येत न्हाई."

येताना अहमदपूरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिकिटाच्या मागं लातूरचा महागाई निर्देशांक काढायला घेतला आणि सोडून दिला. दमलो आहे.

२७ एप्रिल, रविवार, लातूर
जुन्या औसा रोडला दोन खोल्या मिळाल्या. आठ हजार. नळाला पाणी आठव्या दिवशी. मालकीण केवळाबाई कडक आहेत. पोलिसांचा भाडेकरू फॉर्म आधी, चावी नंतर.

फॉर्म साक्षीनं भरला. भाडेकरू : ती. सोबत राहणारे : मी. माझ्या व्यवसायापाशी तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, काही नाही असं लिही. तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. मग 'शास्त्रज्ञ' लिहिलं. तिनं माझी अब्रू राखली, आणि मला मान वर करता येईना.

केवळाबाईंनी चष्मा लावून वाचलं. एकदम खूश झाल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मग काळजी न्हाई. भाडं एक तारखेलाच देताल न्हवं साहेब?"

साक्षी म्हणाली, "मी देईन."