आजीच्या पावलाचं माप

नायफ, थोरल्या बहिणीचा सलाम. घरावर अल्लाची मेहेर असू दे.

डोळ्याची पट्टी निघाली. इथे अम्मानला लेक उठूच देत नाही, नुसती कटकट. ऑलिव्ह उतरवले का? तुझा गुडघा काय म्हणतो?

मास्तरांनी गावाचा इतिहास लिहून पाठवला, तो लेकीनं वाचून दाखवला. मेहनत केलीय माणसानं. पण लिहिलंय, सावली दहा फूट सरकली की झऱ्याच्या पाण्याची पाळी बदलायची. मी म्हटलं, "फूट कुणाचा, इंग्रजाचा?" अरे, तुतीची सावली आपल्या आजीच्या पावलांनी मोजायचे. गावात सगळ्यात लहान पाऊल तिचं, म्हणून गावानंच ते निवडलं. पाळी लवकर बदलायची, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायचं. असं शहाणं गाव आपलं.

हे असंच छापलं तर झऱ्याजवळच्या वरच्या वाफ्यांचे लोक पुस्तक दाखवून पाणी जास्त वेळ धरतील आणि टोकाच्या वाफ्यातली फौजियाची वांगी वाळतील. आधी मास्तरांना गाठ.

आजीच्या चपला फक्त मलाच यायच्या. कागदाच्या मागे माझं पाऊल आखलंय, ते त्यांना दे. सकाळीच आखलंय, तेव्हा सूज नसते.

तुझी रसमिया