घरच्या दलालाची पावती

२६ नोव्हेंबर १९४५, सोमवार

शुक्रवारी लिहिलं ते चूक! ईश्वरदासजींनी पावती द्यायला नकार दिला, असं मी लिहून ठेवलं. नकार दिलाच नाही. मी मागितलीच नव्हती. बाबांसमोर जीभ उचलली नाही, आणि घरी येऊन दोष त्यांच्या माथी मारला. ती ओळ खोडत नाही — खोडली तर माझी चूक दिसायची नाही.

झालं ते एवढंच. ईश्वरदासजी गोंदियाचे दलाल, बाबांचे जुने दोस्त. आमचं धान तेच विकतात, आणि मुंबईला तार करून शेअरही घेऊन देतात. मी म्हटलं, आत्याबाईनं माझ्यासाठी ठेवलेल्या चारशे रुपयांत नागपूरच्या कापडगिरणीचे शेअर घ्यायचे आहेत. ते हसले. “बिटिया, पैसा रख जाओ, बाकी हम देख लेंगे.” कुणाच्या नावावर, काय भावानं, दलाली किती — काही नाही! पैसे तसेच पदराला बांधून परत आणले. 

२८ नोव्हेंबर

पेपर दोन दिवस शिळा येतो, म्हणजे भावही शिळे. तरी महिनाभर वहीतच खरेदी-विक्री करून पाहिली. बावीस रुपये नफा! मायला सांगितलं.

“मंग त्या बावीस रुपयाचं मीठ आनून दाखव.”

३० नोव्हेंबर

मायला शेअर समजावला. तलावाच्या पाण्यात जशी आपली पाळी, तसा गिरणीच्या नफ्यात आपला हिस्सा. तिनं लगेच विचारलं, “अन् तलाव आटला तं?”

तर पाळीही कोरडी. तसंच सांगितलं. “मंग कायले घेतेस?” म्हणाली, आणि धान पाखडायला गेली. रात्रभर मला तलाव आटलेलेच दिसले.

३ डिसेंबर, सोमवार

नागपूरच्या दलालाचं पत्र आलं! जागेश्वरराव. पेपरातली जाहिरात पाहून मी पत्रानं चार प्रश्न विचारले होते, चारही उत्तरं आहेत. दलालीचा दर छापील. शेअर माझ्याच नावावर. सौद्याची चिठ्ठी त्याच दिवशी टपालात. चौथं उत्तर तळाशी — ‘भाव पडल्यास जबाबदारी आमची नाही.’ वाचून उलट बरं वाटलं.

घरात मात्र गोंधळ. माय — “काऊन वो, ओळखीचा मानूस सोडून परक्याले पैसे देऊन राहिली?” मग ईश्वरदासजींकडून पावती घेईन, म्हटलं. तर बकाराममामा उसळला. “घरच्या मानसाले कोनी पावती मागते काय? तुह्या बापाची मान खाली जाईल!”

अक्षर बाबांनी शिकवलं, हिशेब बाबांनी शिकवला. मान त्यांचीच खाली जायची असेल, तर काय करू?

५ डिसेंबर

जागेश्वररावांच्या नावे मनिऑर्डरचे दोन फॉर्म भरले, दोन्ही फाडले. सरकारी कागद वाया! पोस्टमास्तरांना सांगायला हवं.

७ डिसेंबर, शुक्रवार

बाबांना म्हटलं, तुम्ही ईश्वरदासजींकडून शेअर घेता, त्याचा एखादा कागद दाखवा. मला नुसता नमुना पाहायचा होता.

बाबांनी सुपारी कातरायची थांबवली. मग म्हणाले, “सहा वर्सं झाले, पैसे देऊन राहिलो. कागद एकही नाही. मागाची मलेच लाज वाटते, बाई. तू मागशील?”

माझे चारशे तूर्त घरीच. सोमवार, १० डिसेंबर, सकाळच्या गाडीनं गोंदिया. बाबा सोबत येतील. बोलायचं मी.