बसमधला प्रसाद

गिरीज, शनिवार

प्रिय फ्लॉसीताई,

प्रीतम सोमवारपासून पुन्हा शाळेत जातोय, ही बातमी आधी. काल बसच्या खिडकीतून त्याने मला जीभ काढून दाखवली, एवढा बरा आहे. शाळेच्या बसवरचं मुलं सांभाळायचं काम सुटल्यापासून तुम्ही वालीवला पॅकिंगच्या कामाला जाता म्हणे. तिथे काहीतरी कानावर आलं असेल, पण ते अर्धंच. फोन दोनदा हातात घेतला. बोलता बोलता मी मला सोयीचं तेवढंच सांगेन, म्हणून लिहायला बसले. दहावीनंतर एवढं लांब कधी लिहिलेलं नाही, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात बुधवारी गाडी वाड्यांमधून मोठ्या रस्त्याला लागली आणि प्रीतमला खोकला सुटला. तुमच्या जागी आलेल्या ताईंना वाटलं, घास अडकला. त्या पाठीवर थापट्या मारून पाणी पाजायला लागल्या. चूक त्यांची नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. बघता बघता त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, आवाज बसला. आमची आर्या मागून ओरडली, "रामनाथकाका, गाडी बाजूला घ्या! आंटीने शिकवलं ते करा!"

मार्चमधली तुमची ती तालीम. तारीख उलटलेलं ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन तुम्ही रामनाथच्या हातात दिलंत आणि समोर कच्चं राजेळी केळं धरलंत. तो दाबायला कचरला तर म्हणालात, "अरे केळं आहे, तुझी सासू नाही. दाब!" आर्याने घरी येऊन तुमची नक्कल केली होती, मी लाटणं खाली ठेवून हसले होते. बुधवारी कोणी हसलं नाही. आर्याने प्रीतमच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून पेन काढलं, रामनाथने पॅन्टवरूनच मांडीत दाबून धरलं. प्रीतम उठायला बघत होता, पोरांनी त्याला उभं राहू दिलं नाही. आईला फोन नंतर, आधी हॉस्पिटल, हेही तुमचंच. तिथे डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन कोणी दिलं? रामनाथ घाबरून म्हणाला, "मी दिलं साहेब, पण शिकवलं फ्लॉसीबाईंनी." आणखी एक इंजेक्शन लागलं, दिवसभर ठेवून घेतलं, पण पोर हसत घरी आलं. मी देवाजवळ दिवा लावून हात जोडले. तेवढ्याने आभार पुरे झाले असं वाटेना, म्हणून तुमचेही मानते, अगदी मनापासून.

त्याने खाल्लेला लाडू माझ्या घरचा होता, ताई.

मंगळवारी अंगारकी होती. काजू परवडत नाहीत, म्हणून माझा प्रसाद नेहमी शेंगदाण्या-गुळाचा. चंद्र बघून नैवेद्य दाखवला आणि उरलेले लाडू सकाळी आर्याच्या डब्यात भरले, बसमध्ये वाटायला. दारात ती थबकली. "आई, प्रीतमला नाही ना द्यायचा? आंटी नको म्हणायची." मी म्हटलं, "प्रसादाने कोणाला काही होत नाही. आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं." माझ्या पोरीने हेच शब्द प्रीतमला सांगितले. नऊ वर्षांचं पोर, त्याने दोन्ही हात पुढे केले.

आषाढात तुम्ही असाच डबा बसच्या दारातून परत केला होतात. "ताई, आमच्या एका पोराला शेंगदाणा विषासारखा आहे. बसमध्ये खाणं नको, देवाचं असलं तरी." त्यातलं 'देवाचं असलं तरी' एवढंच मला ऐकू आलं. मनात म्हटलं, हिला आमच्या देवाचं काय! तुम्ही एका मुलाचं नाव न घेता त्याचा जीव सांभाळत होतात आणि मी मान-अपमान धरून बसले.

ज्या तक्रारीवरून तुमचं काम गेलं ती कोणी केली, हे शाळेने तुम्हाला सांगितलं नाही. तो कागद माझ्या अक्षरातला आहे. 'बाई उर्मट आहेत, आमच्या भावना दुखावतात' असं लिहून पाच घरांतून सह्याही मीच फिरून आणल्या. काल मुख्याध्यापिकाबाईंना हे समोर उभं राहून सांगितलं, मग प्रीतमच्या आईला, हेमांगीला. तिने दार लावून घेतलं. बरोबरच केलं. मुख्याध्यापिकाबाई तुम्हाला परत बोलावणार आहेत, एक-दोन दिवसांत फोन येईल. मला माफ करा म्हणायला हे पत्र नाही, परत या म्हणायला आहे. माझ्यावरचा राग घेऊनच या. आणि आलात की मुलांची दप्तरं बसच्या दारातच उघडून बघत जा. सुरुवात आर्यापासून करा, चार लोकांदेखत करा. मी तिथेच उभी असेन.

तुमच्या ऋणात राहिलेली,
तुमचीच
वसुंधरा