ब्रेकची नाहक बदनामी

ती. सौ. आत्यास,
साष्टांग नमस्कार. (कपाळावर आठ्या आहेत, पण नमस्कार खरा आहे.) आतोबांचा गुडघा कसा आहे? तुझी तब्येत विचारत नाही. औषध लागू पडलं नाही म्हणून तू दवाखान्याकडे पाठ फिरवलीस, आणि विषय काढला की उठून जातेस, असं कळलं. तेव्हा आज फक्त माझं रडगाणं.

मी प्रयोगशाळेत ज्या प्रथिनापायी डोळे फोडून घेतले, ते म्हणजे पेशीतला ब्रेक. पेशीच्या दारात 'वाढा' असा निरोप येतो, आत एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि हे प्रथिन मध्येच उभं राहून म्हणतं, 'पुरे आता.' (आपल्या घरात हे खातं तुझ्याकडे आहे.) ते बिघडलं की पेशी वाढत सुटतात, गाठ होते. अशा पेशींत मी ते परत घालत होते आणि वाढ थांबत होती. परवा बघते तर पेशी वाढवायची डिश त्यांनी गच्च भरलेली! आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहिलं, 'यात काही दम नाही, काम बंद करा' म्हणाले आणि चहाला गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हट्टाने पेशींची ओळख तपासून घेतली, तर त्या माझ्या नव्हत्याच! शेजारच्या टेबलावरच्या झटपटबाईंच्या होत्या. (खरं नाव लिहीत नाही, हात शिवशिवतात.) या बाई स्वतःच्या पेशींत बुडवलेली नळी तशीच माझ्या बाटलीत, पेशींना खाऊ घालायच्या गुलाबी द्रावणात घालतात, कारण स्वतःची बाटली आणायला उठावं लागतं! त्या एका थेंबातून त्यांच्या पेशी आल्या आणि माझ्या पेशींचं खाऊन-पिऊन त्यांनाच हुसकावून बसल्या. आणि त्यांच्यातला बिघाड कुठे? ब्रेकच्या खाली, निरोपाच्या पुढच्या टप्प्यावर! तिथला निरोप्या वरून काही आलं नाही तरी आपला 'वाढा, वाढा' ओरडतोय. वर ब्रेक कितीही दाबा, त्याला पत्ताच नाही. सर म्हणाले, 'असं होय! मग चालू ठेवा.' चुकलो म्हणायला काय जीभ झडते? झटपटबाई तर मलाच म्हणतात, बघ, माझ्यामुळे केवढं कळलं!

तुझी,
संतापलेली भाची

ता. क. बाटली आता कुलपात असते.

ता. क. २. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला मागितला आणि तू नाही म्हणालीस, हेही आतोबांनी सांगितलंय. अगं, एक औषध चाललं नाही म्हणजे सगळं संपलं, हा आमच्या सरांचा न्याय झाला! बिघाड नेमका कुठे आहे ते तरी बघू दे. त्यावर दुसरं औषध असेल, नसेलही. मी खोटं बोलणार नाही. पण मला तू हवी आहेस. समोर बसून हे सांगताना रडू येईल, म्हणून एवढं लांबण लावलं. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येते. तयार राहा.