बंद टीव्हीतली माणसं

रविवार, ६ ऑक्टोबर
आजपासून माझा पत्ता मुलुंड पूर्व. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा नवी नवरी होऊन आले. बरोबर अकरा वर्षांची रेवती, चौदा खोकी आणि एक तुळस. घर दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर, खिडकीत बुचाचं झाड. सुबोधनं दाराला तोरण बांधलं होतं. वनमालाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाकरतुकडा आधी रेवतीवरून ओवाळला, मग माझ्यावरून. मला भरून आलं.

आणि मग हॉलमध्ये तो दिसला. टीव्ही कसला, लाकडी खोक्यात बसवलेला भोपळा. मागे ढेरी, पुढे फुगलेली काच, वर भरतकामाचं कव्हर, कव्हरावर दोन हंस, त्यातल्या एकाला डोळा नाही. २००९ पासून बंद आहे म्हणे. पंधरा वर्षं ही माणसं एका बंद खोक्याची धूळ पुसतायत! सुबोधचं म्हणणं, दुरुस्त होईल. आईंचं म्हणणं, असू दे गं, तो काय जेवायला मागतो? हॉलमधली सगळ्यात चांगली भिंत मागतो, मी मनात म्हटलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
हंस धुवायला टाकले. मशीनमधून चिंध्या निघाल्या. आईंनी जुना पलंगपोस आणून काचेवर टाकला. मी तो काढला आणि म्हटलं, आई, टीव्हीला थंडी वाजत नाही. तोंडावर बोलायला नको होतं. पण ही असली माया मला सोसत नाही: फ्रिजच्या हँडलला मोजा, रिमोटला प्लास्टिक, आणि मेलेल्या टीव्हीला शाल.

रेवतीला मात्र तो आवडला. फुगीर काचेत नाक बटाट्याएवढं दिसतं. शाळेतून आली की समोर मांडी घालून बसते आणि वेडीवाकडी तोंडं करते.

शनिवार, १२ ऑक्टोबर
दसरा. नवा टीव्ही बुक केला. धनत्रयोदशीला येईल, जुना दुकानवालेच घेऊन जातील. मग तो देवनारच्या कचऱ्याच्या ढिगावर जावो नाहीतर आणखी कुठे. सुबोध हिरमुसला. त्याला हा दुरुस्त करून रेवतीला द्यायचा होता. ती त्याला अजून काका म्हणते. भोपळा चालू झाला की बाबा म्हणेल, असं याला वाटतं. पुरुषांची गणितं.

दुपारी काचेत सुबोध सोफ्यावर बसलेला दिसला, बंडी घालून. मी चहा विचारला. वळले तर सोफा रिकामा. सुबोध केव्हाचा खाली शेजाऱ्यांना सोनं द्यायला गेला होता. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

बुधवार, १६ ऑक्टोबर
नंबर तोच आहे. आज रेवती टीव्हीसमोरून उठली आणि आत पाणी प्यायला गेली. काचेतली रेवती बसून राहिली. दुपारी चारला, लख्ख उजेडात. मी ओलं फडकं आणून काच पुसली. तिच्यामागे सोफ्यावर बंडीतले एक म्हातारे गृहस्थ होते. लादी पुसणाऱ्या बाईकडे बघावं तसं दोघं माझ्याकडे बघत होते.

मी हसले. भुताटकी, आणि तीही भंगारात!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
रेवतीला ‘कंगवा’ हा शब्द आठवेना. केसांचं ते, म्हणाली. काल ‘दप्तर’ गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घर बदललं, शाळा बदलली, ताण असेल. ती जे शब्द बोलेल ते रोज लिहून ठेवा. इथेच लिहीन.

डॉक्टरांना एक सांगितलं नाही. सकाळी बेसिनच्या आरशासमोर तिची वेणी घालत होते. आरशात फक्त माझे हात होते.

रविवार, २० ऑक्टोबर
आईंना विचारलं. पाया पडून विचारलं.

बंडीतले ते माझे सासरे, अण्णा. टीव्ही बंद पडल्यावरही ते रोज त्याच्यासमोर बसायचे, आता लागेल, मग लागेल म्हणून. एक दिवस ते उठले, काचेतले उठले नाहीत. मग त्यांचे शब्द जायला लागले. महिन्यानं मेकॅनिक आणून टीव्ही लावला. काचेवर चित्र आलं, काचेतले अण्णा पुसले गेले, आणि स्वयंपाकघरात जेवणाऱ्या अण्णांचा घास हातातच राहिला. टीव्ही दोन मिनिटांत पुन्हा बंद पडला. काचेत अण्णा परत दिसले. स्वयंपाकघरात ते गेलेलेच होते.

म्हणून दुरुस्ती नाही, विकणं नाही. आणि दुसरं कुणी त्या काचेत बसू नये म्हणून कव्हर.

आधी का नाही सांगितलंत, मी ओरडले. आई म्हणाल्या, तू ऐकून घेणारी आहेस का गं?

मंगळवार, २२ ऑक्टोबर
नव्या टीव्हीची ऑर्डर रद्द केली. हा इथून हलता कामा नये. फुटता कामा नये. चालू तर अजिबात होता कामा नये. काचेसमोर बसून तिला सांगते, ऊठ. ऊठ ना गं. ती ऐकते. मान हलवते. पण —

शब्द: आई. पाणी. भात. काका. नको.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
काचेतल्या रेवतीनं गुडघा उचलला! मी बोलत राहिले की थोडा आणखी उचलते. उठली की सुटेल, आईंनाही तसंच वाटतं. दोन-तीन दिवस हवेत, बस —

सुबोधला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुला तो टीव्ही नकोच होता, आता पोरीच्या आजाराचं खापरही त्याच्यावर का?

शब्द: आई. पाणी. नको.

शनिवार, २६ ऑक्टोबर
सुबोधनं टीव्हीवाले निमेशभाई आणलेत. रेवतीसाठी सरप्राइज. ट्यूब अजून जवान आहे म्हणे, सेट-टॉप बॉक्स लावला की झकास. मी प्लग उपटला. आई काचेला पाठ लावून बसल्या, त्यांना सुबोधनं खांदे धरून उठवलं. मी हात जोडले. त्याला वाटतं, हा माझा तोच तुसडेपणा. का नाही वाटणार — आल्यापासून मीच तर —

पाच मिनिटं बस गं, म्हणाला. मला आणि रेवतीला खोलीत ठेवून बाहेरून कडी. निमेशभाई हसत होते, भाभी गरम झाली.

दार वाजवून हात सुजले. कुणी उघडत नाही. ती बोलतेय म्हणून लिहिते —

शब्द: आई. आई.

डोकं माझ्या मांडीवर. तळवे गार.

बाहेर खरखर. मुंग्या येतायत, निमेशभाई म्हणतायत, जरा थांबा साहेब. आई रडतायत. सुबोध हाका मारतोय, रेवती, बघ बघ, येतंय —

शब्द: आई, बघ, मी उठ